जात्यांची फरशी



इंग्लंडात लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचे गाव आहे. तिथे मोठा श्रीमंत मठ होता. गाव मठाचे, शिवार मठाचे, पाणचक्कीही मठाची. सन १३३० च्या सुमारास रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड नावाचा माणूस त्या मठाच्या गादीवर होता. माणूस विद्वान. ग्रहताऱ्यांचे गणित जाणणारा, त्याच्या घड्याळाचे कौतुक आजही इतिहासात होते. आणि जन्माने लोहाराचा पोर! या लोहाराच्या पोराने गादीवर बसल्यावर काय केले? गावकऱ्यांच्या घरातली हातजाती जप्त केली. गुन्हा काय, तर मठाच्या चक्कीवर दळण न आणता लोक घरी दळतात. जप्त केलेल्या जात्यांच्या पाळ्या त्याने मठाच्या बैठकीत फरशी म्हणून बसवून घेतल्या. गावचा माणूस फिर्याद घेऊन आला की त्याने आपल्याच जात्यावर पाय ठेवून उभे राहायचे.

जाते कोणाचे असते हे आमच्या मायबहिणींना सांगायला नको. पहाटे उठून खुंट्याला हात कोण घालते? तिकडेही घरातले दळण बाईच दळत होती. तिचे जाते काढून घेतले म्हणजे तिचे कष्ट वाचले असे कोणी शहाणा म्हणेल. दळणाचे कष्ट वाचले, पण पीठ घरी आणताना त्यातला हिस्सा मठात राहू लागला. चक्कीची ही वसुली गावोगाव वेगळी होती. कुठे बत्तिसावा हिस्सा, कुठे सोळावा, उत्तरेकडे तर तेरावासुद्धा. चक्की दूर असो, तिथे रांग असो, ओढ्याला पाणी नसो, दळण धन्याच्याच चक्कीवर. फ्रान्सात तर भाकरी भाजायची भट्टीही धन्याची. पीठ त्याच्या चक्कीवर, भाजणे त्याच्या भट्टीत, द्राक्षे त्याच्या घाण्यात. प्रत्येक ठिकाणी हिस्सा.

ही गोष्ट आम्ही कशाला सांगतो? युरोपच्या मध्ययुगाचा इतिहास आपल्या पोरांनी शाळेत वाचला आहे. त्यात किल्ले आहेत, चिलखत घातलेले सरदार आहेत, सज्जातून रुमाल टाकणाऱ्या सरदारणी आहेत. ज्यांच्या धान्यावर हा सगळा थाट उभा होता त्या शेतकऱ्याला एक परिच्छेद. आणि त्या शेतकऱ्याच्या बायकोला? एक ओळही नाही.

व्हिलन कोण होता?

त्या काळच्या इंग्लंडातल्या बांधील कुळाला ‘व्हिलन’ म्हणत. गढीच्या गावात राहणारा, जमिनीला बांधलेला, धन्याच्या परवानगीवाचून गाव सोडू न शकणारा शेतकरी. आज सिनेमात जो बायकांची अब्रू लुटतो, घरे पेटवतो, त्याला व्हिलन म्हणतात. शब्द तोच आहे. लुटला गेला तो शेतकरी, आणि लुटणाऱ्यांच्या भाषेत बदमाष ठरला तोही शेतकरीच. भाषा कोणाच्या हातात असते ते यावरून समजावे.

या बांधील कुळाच्या लेकराबाळांना दफ्तरात ‘सिक्वेला’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ मागून येणारे, पिलावळ. गुराढोरांच्या वासरांनाही तोच शब्द. जमीन एका धन्याकडून दुसऱ्याकडे गेली की खरेदीखतात लिहीत, अमुक कूळ आणि त्याची पिलावळ. नऊ महिने पोटात वाढवायचे बाईने आणि खत व्हायचे धन्याच्या नावाने.

चार पोत्यांचा हिशोब

हिशोब करू या. हिशोबाशिवाय लूट दिसत नाही.

त्या काळी युरोपात गव्हाचे एक पोते पेरले की तीन-चार पोती निघत. चांगल्या वर्षी चार धरू. समजा एका घराने दहा पोती पेरली, चाळीस आली. दहावा हिस्सा चर्चचा, चार पोती गेली. राहिली छत्तीस. पुढच्या पेरणीचे बियाणे दहा. राहिली सव्वीस. त्यातले दळले तेवढ्यावर चक्कीचा हिस्सा, सोळावा धरला तर दीड पोत्याहून जास्त. राहिली चोवीस. त्यातून जमिनीचा खंड, सणावाराला गढीवर कोंबड्या आणि अंडी, धन्याला गरज पडली की पट्टी. या आकड्यांत अजून वेठ आलेलीच नाही. पूर्ण जमीन कसणाऱ्या बांधील कुळावर बऱ्याच गावांत आठवड्याचे तीन दिवस धन्याच्या शेतावर राबण्याची वेठ होती. सुगीत त्याहून जास्त.

पुरुष तीन दिवस धन्याच्या शेतावर, तेव्हा घरच्या शेतात कोण होते? निंदण कोणी केले? गाय कोणी धुतली, लोणी कोणी काढले, लोकर कोणी कातली, सरपण कोणी आणले? ज्या मजुरीचा हिशोब कुठेच लिहिला नाही ती मजुरी बाईने केली, म्हणून ती वेठ देणे पुरुषाला जमले. वेठ एका माणसावर लिहिलेली असे. भरत होती दोन माणसे.

काही गावांच्या वहिवाटीत एक गमतीची अट आढळते. सुगीच्या वेठीला कुळाने घरातली सगळी माणसे घेऊन यावे, फक्त बायको सोडून. वाचणाऱ्याला वाटेल, काय हा धन्याचा दयाळूपणा! दया कसली? तीही बांधावर आली तर घरी चूल कोण पेटवणार, जनावरांना पाणी कोण दाखवणार, दुसऱ्या दिवशी वेठीला येणाऱ्यांच्या पोटात काय जाणार? बैलाला वैरण लागते हे धन्याला कळत होते. वैरण करणारी तेवढी त्याने घरी ठेवली.

पीक निघाल्यावर शेतात सरवा वेचायला कोणी जायचे, यावरही नियम होते. ज्या बाईला कापणीची मजुरी करता येते तिने सरवा वेचायचा नाही, तिने मजुरीलाच गेले पाहिजे. सरवा म्हाताऱ्या-अपंगांसाठी. ऐकायला धर्माची गोष्ट. पण तिला धान्याची चार कणसे आयती मिळाली तर ती स्वस्तात कापणीला येणार नाही, ही मालकाची भीती त्यात होतीच. हा नियम केवळ धन्याने केलेला नव्हता. गावातले बऱ्यापैकी जमीन असलेले शेतकरी पंच बसून तो करत. हेही लपवून चालणार नाही.

दफ्तरात बाईचे नाव कधी येते?

गढीवर चावडी भरे. तिथे धन्याचा कारभारी बसे, कारकून कातड्याच्या गुंडाळीवर लॅटिनमध्ये नोंद करी. अशा शेकडो गुंडाळ्या इंग्लंडात आजही शिल्लक आहेत. शेतकऱ्याच्या बाईबद्दल जे काही कळते ते बहुतेक त्यातूनच कळते. तिने राबावे, जन्म द्यावा, मरावे, दफ्तराला त्याचे सोयरसुतक नाही. तिच्याकडून पैसा वसूल झाला की मग तिचे नाव येते. कसे ते पाहा.

मुलीचे लग्न ठरले. धन्याला दंड. त्याला मर्चेट म्हणत. काही पेन्सपासून कित्येक शिलिंगांपर्यंत, घराची ऐपत बघून. मुलगी दुसऱ्याच्या गावात जाणार असली तर बऱ्याचदा जास्त, कारण राबणारे दोन हात आणि होणारी पिलावळ गावाबाहेर चालली! आणि गंमत अशी की एखाद्या घराने आम्ही बांधील नाही, स्वतंत्र आहोत, असा दावा केला तर न्यायालयात काय विचारत? तुमच्या घरातल्या मुलींच्या लग्नाला मर्चेट भरला होता का? भरला असेल तर तुम्ही बांधील. म्हणजे बापाची बेडी लेकीच्या लग्नाच्या पावतीवरून सिद्ध होत असे.

लग्नाआधी पोरीचे पाऊल घसरले. धन्याला दंड. त्याला लेअरवाइट म्हणत. बऱ्याच ठिकाणी सहा पेन्सच्या घरात. निंदणाला बाईची दिवसाची मजुरी पेनीभर होती. म्हणजे सहा दिवस राबायचे. ज्या पुरुषाबरोबर पाऊल घसरले त्याचे नाव या नोंदीत क्वचितच सापडते. नीतीची एवढी चाड असती तर दंड दोघांना झाला असता. नीती नव्हती, ती वसुली होती.

नवरा मेला. घरातले सगळ्यात चांगले जनावर धन्याच्या गोठ्यात. त्याला हेरिअट म्हणत. त्यानंतरचे चांगले जनावर बऱ्याच ठिकाणी चर्चचे, मेलेल्याने दहावा हिस्सा कधी चुकवला असेल त्याची भरपाई म्हणून! तिरडी उठायच्या आत गोठा रिकामा. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा काही हिस्सा कसायला मिळे, कुठे तिसरा, कुठे अर्धा, कुठे सगळा. हा हक्क चांगला होता, आम्ही नाही म्हणत नाही. पण पुष्कळ गावांत अट होती, दुसरे लग्न केले तर जमीन गेली, वागणुकीत खोट निघाली तर जमीन गेली. उलट काही धन्यांना वाटे, विधवेकडून पुरती वेठ निघत नाही, घरात गडी पाहिजे. मग ते तिला हुकूम करत, लग्न कर नाहीतर दंड भर. लग्न केले तरी वसुली, नाही केले तरी वसुली.

कॅटलोनियात, म्हणजे आजच्या स्पेनच्या ईशान्येला, यावरही कडी होती. तिथे धन्याचे सहा हक्क होते, त्यांना शेतकरी ‘वाईट चाली’ म्हणत. त्यातल्या एकीनुसार कुळाच्या बायकोने व्यभिचार केला तर तिच्या मालमत्तेत धनी वाटेकरी. दुसरीनुसार कूळ निपुत्रिक मेले तर त्याच्या मालमत्तेत धनी वाटेकरी. बाईला मूल झाले तर ते धन्याचे कूळ, नाही झाले तर धन्याला वाटा. तिच्या कुशीतून धन्याचा तोटा होण्याची वाटच ठेवली नव्हती.

पहिल्या रात्रीची गोष्ट

इथे कोणीतरी उठून विचारतोच, आणि ती पहिल्या रात्रीची गोष्ट खरी ना? शेतकऱ्याच्या नव्या नवरीवर पहिल्या रात्री धन्याचा हक्क असे, ती?

ही गोष्ट जगभर फिरली आहे. १७८४ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आलेले बोमार्शेचे फिगारोचे नाटक तिच्यावरच उभे आहे. १९९५ च्या ‘ब्रेव्हहार्ट’ सिनेमात ती पुन्हा दाखवली. पण त्याच १९९५ साली आलँ बुरो या फ्रेंच इतिहासकाराने या कथेची पाळेमुळे खणून दाखवली, आणि असा कायदेशीर हक्क मध्ययुगात नव्हता, ती पुढच्या काळात रचलेली कथा आहे, असा निष्कर्ष काढला. बहुतेक इतिहासकारांना तो मान्य आहे.

याचा अर्थ गढीवर बाईची अब्रू सुरक्षित होती असा कोणी काढू नये. ज्याच्या हातात जमीन, चावडी आणि चाबूक, त्याला कायद्याच्या कलमाची गरज नसते. १४६२ च्या सुमारास कॅटलोनियातल्या शेतकऱ्यांनी तशी तक्रार केलीच होती. धन्यांनी उत्तर दिले, असे काही आम्हाला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणणाऱ्याचे ऐकून आम्ही निवाडा करणार नाही.

आमचे म्हणणे वेगळे आहे. ही कथा इतकी का चालली? कारण ती ऐकताना रक्त उसळते आणि हिशोब विसरतो. एक राक्षस धनी, एक बिचारी नवरी, पडदा पडला की घरी. त्याच नवरीच्या लग्नाचा मर्चेट, तिच्या पिठातला सोळावा हिस्सा, तिच्या विधवापणातले हेरिअट, हे सगळे उघड, कायदेशीर, कारकुनाच्या अक्षरात लिहिलेले. त्यावर कोणी नाटक लिहिले नाही. कपोलकल्पित राक्षसाला शिव्या देणे सोपे असते. पावती देऊन लुटणाऱ्या सभ्य धन्याला लुटारू म्हणायला छाती लागते.

धनी बाई असली म्हणून

काही विद्वान सांगतात की बाईचे हाल पुरुषी सत्तेमुळे झाले, गादीवर बाया असत्या तर असे झाले नसते. गादीवर बाया होत्या. नॉर्मंडीतल्या काँ शहरातला होली ट्रिनिटी मठ जोगिणींचा, त्याची अध्यक्ष बाई. त्या मठाची इंग्लंडात गावेच्या गावे होती. वेठीचे दिवस, अंडी, कोंबड्या, सगळ्यांची याद्यांसकट नोंद होती. बाईची गादी म्हणून कुळांच्या बायकांना सूट मिळाली नाही.

जर्मनीच्या दक्षिणेला श्ट्युलिंगनची गोष्ट सांगतात. १५२४ मध्ये ऐन सुगीत तिथल्या सरदारणीने कुळांना हुकूम सोडला, गोगलगाईंचे शंख गोळा करून आणा, आमच्या दासींना दोरा गुंडाळायला हवेत. शेतात पीक उभे आणि बायापोरे शंख वेचताहेत! ही गोष्ट तंतोतंत अशीच घडली की लोकांनी रंगवली, ते सोडा. त्याच वर्षी तिथेच बंडाची ठिणगी पडली हे पक्के आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, बाई बाई सगळी सारखी नसते. आणि शेतकरी शेतकरीही सारखा नसतो. बांधील कुळाच्या घरातही बाईवर कुळाची हुकमत होती. चावडीवर पंच म्हणून ती बसत नसे. गावचा कारभारी तिला कोणी करत नसे. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या ब्रिगस्टॉक गावच्या सेसिलिया पेनिफाडर हिचा हिशोब इतिहासकार ज्युडिथ बेनेट यांनी तिथल्या गुंडाळ्यांतून काढला आहे. ही बाई १२९५ च्या सुमारास जन्मली आणि १३४४ मध्ये गेली. तिने लग्नच केले नाही. १३१५ ते १३१७ ची मोठी उपासमार तिने पाहिली, त्यातून तगली, स्वतःच्या नावावर जमीन केली आणि स्वतः कारभार पाहिला. तिची अक्कल कोणत्या पुरुषापेक्षा कमी होती? तरीही गावचे एकही पद तिला मिळाले नाही. तिने लग्न केले असते तर तिच्या जमिनीचा कारभार नवऱ्याकडे गेला असता. जमीन तिच्याकडे राहिली त्याचे कारण ती एकटी राहिली. ही केवढी किंमत!

भाव चढला तेव्हा

१३४८-४९ मध्ये इंग्लंडात प्लेगची मोठी साथ आली. तिसरा हिस्सा ते निम्मी माणसे मेली. राबणारे हात कमी झाले, मजुरी चढू लागली. बाजाराचा नियम आहे, माल कमी झाला की भाव चढतो. इतकी वर्षे बाजाराने मजुराला मारले होते, आता एकदा बाजार मजुराच्या बाजूला झुकला. तेव्हा राजाने काय केले? १३४९ मध्ये वटहुकूम काढला. साठ वर्षांखालचा, पोटापाण्याचे दुसरे साधन नसलेला प्रत्येक पुरुष आणि प्रत्येक बाई, जो मालक बोलावेल त्याच्याकडे जुन्या दराने कामाला गेली पाहिजे. १३५१ मध्ये त्याचा पक्का कायदा झाला. पंच म्हणून बाई कधी आठवली नव्हती. सक्तीच्या यादीत मात्र तिचे नाव न विसरता आले.

१३८८ च्या कायद्यात तर वर्षाची मजुरी कमाल किती, तेच ठरवून टाकले. गाडीवान दहा शिलिंग, मेंढपाळ दहा शिलिंग, नांगर हाकणारा सात, डुकरे राखणारा सहा, कामकरी बाई सहा, दूधदुभते पाहणारी बाई सहा. दूध काढणे, विरजण, लोणी, चीज, वासरे, कोंबड्या, एवढे कसब जिच्या हातात तिला डुकरे राखणाऱ्याची मजुरी. याआधीच, तेराव्या शतकात, शेतीच्या कारभारावर लिहिलेल्या पुस्तकात सल्ला होता की दुभते नसले तरी वाड्यावर एक बाई ठेवावी, कारण ती पुरुषापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. ती कमी काम करते असे नव्हे, स्वस्त पडते.

एक धंदा तेवढा तिच्या हातात होता. घरोघरी बार्लीची एल नावाची दारू बाया गाळत, थोडी घरात, उरलेली शेजारी विकत. त्यावर चावडीत दंड ठरलेला. नियम मोडो न मोडो, दंड भरायचा आणि पुन्हा गाळायची. दंड कसला, तो परवानाच होता. पुढे हॉप घातलेली, टिकणारी बिअर आली, मोठी भांडी, मोठे भांडवल आले, शहरात व्यापाऱ्यांच्या संघटना झाल्या, आणि दोनशे वर्षांत हा धंदा बाईच्या हातून निघून पुरुषांच्या हातात गेला. धंद्यात पैसा नव्हता तोवर तो बायकी होता.

मागणीपत्रात काय लिहिले?

१३८० च्या शेवटी इंग्लंडच्या राजाने तिसऱ्यांदा डोईपट्टी बसवली. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक डोईला, पुरुष असो की बाई, सरासरी बारा पेन्स. तीन वर्षांपूर्वी ती चार पेन्स होती. पेनीभर मजुरीवर राबणाऱ्या बाईचे बारा दिवस. एका बखरकाराने लिहून ठेवले आहे की पोरी वयात आल्या की नाही हे पाहायला वसुलीवाल्यांनी त्यांच्या अंगाला हात घातला. जून १३८१ मध्ये एसेक्स आणि केंटचा शेतकरी उठला आणि लंडनवर चालून गेला.

या उठावाच्या कथेत वॉट टायलर आणि जॉन बॉल यांची नावे येतात. पण खटल्याच्या कागदात केंटच्या जोहाना फेरर या बाईचे नाव बंडखोरांची म्होरकी म्हणून आहे. राजाच्या काकाचा वाडा जाळणे, खजिनदार आणि आर्चबिशप यांना टॉवरमधून ओढून काढून त्यांचा शिरच्छेद करायला लावणे, असे आरोप तिच्यावर होते. केंब्रिजमध्ये मार्जरी स्टार नावाची म्हातारी होती. विद्यापीठाचे कागद चौकात जाळले तेव्हा तिने त्यांची राख वाऱ्यावर उधळली. ज्या कागदांत आपले नाव फक्त दंडापुरते येते त्यांची राख तिने का उधळली हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

१४ जूनला चौदा वर्षांच्या राजाने शेतकऱ्यांच्या मागण्या मान्य केल्या. बांधीलपण रद्द, जमिनीला एकरी चार पेन्स खंड. सनदा लिहून दिल्या. २ जुलैला सगळ्या सनदा रद्द. जॉन बॉलला १५ जुलैला फाशी दिली, तेही त्याच सेंट ऑल्बन्स गावात.

सेंट ऑल्बन्सची जाती? त्या जूनमध्ये गावकरी मठात शिरले, बैठकीतली फरशी उखडली, आजीच्या हातची जाती बाहेर काढली. दगड फोडून त्यांचे तुकडे चर्चमधल्या प्रसादासारखे वाटून घेतले. म्होरक्या विल्यम ग्रिंडकॉब पुढे फासावर गेला. पण पन्नास वर्षे झाली तरी ती फरशी कोणाची आहे हे गाव विसरले नव्हते. ती आठवण कोणी जपली? ज्या घरात पूर्वी जाते होते त्या घरातल्या बायांनीच ना?

आता मुद्द्यावर येतो. १३८१ च्या मागण्यांत खंड होता, मजुरी होती, बांधीलपण होते. हे सगळे बाईचेही होते. पण बाईचा म्हणून जो जाच, त्याची वेगळी ओळ त्यात नव्हती. त्यापुढचे दोन लढे पाहा.

कॅटलोनियातला शेतकरी १४६२ मध्ये उठला, दहा वर्षे लढला. १४८४ मध्ये पेरे जोआन साला याच्या मागे पुन्हा उठला. सालाला १४८५ मध्ये मारले. पण १४८६ मध्ये ग्वादालुपे इथे राजा फर्दिनांदला निवाडा द्यावा लागला. सहाही वाईट चाली घरटी साठ सू भरून रद्द. आणि त्यात एक कलम आहे, कुळाच्या बायकोला तिच्या मर्जीविरुद्ध, पैसे देऊन किंवा न देता, आपल्या किंवा दुसऱ्या कोणाच्या मुलाला पाजायला धन्याने नेऊ नये. नव्या नवरीबाबतचीही मनाई त्याच निवाड्यात आहे. तोपर्यंत आईचे दूधसुद्धा गढीवर वेठीला जात होते, आणि ते कायद्यात आले कारण शेतकऱ्यांनी ते तक्रारीत लिहिले.

मार्च १५२५ मध्ये मेमिंगन इथे जर्मन शेतकऱ्यांनी बारा कलमे लिहिली. त्यातले अकरावे कलम म्हणते की मेलेल्याच्या घरची ही वसुली बंद करा, विधवा आणि पोरक्या पोरांना अशी लाज सोडून लुटू नका. या लढ्यात ब्योकिंगनची मार्गारेटे रेनर होती, लोक तिला काळी शेतकरीण म्हणत. स्वतः बांधील कुळातली. ती बंडवाल्यांना हिंमत देत फिरली, पुढे पकडली गेली, मग सुटली. बंड चिरडले, सत्तर हजार ते एक लाख माणसे मारली गेली असा अंदाज आहे. पण कलम उरले. कातड्यावरच्या दंडाच्या नोंदीत नव्हे, शेतकऱ्यांच्या स्वतःच्या छापील कागदावर विधवेचे नाव आले.

आम्ही यातून एवढेच म्हणतो. लढ्यात बाई होती का, हा प्रश्न चुकीचा आहे. ती होतीच, प्रत्येक ठिकाणी होती. तिच्यावाचून एकही वेठ भरली गेली नाही आणि एकही बंड उभे राहिले नाही. प्रश्न हा की मागणीपत्र लिहिताना लेखणी धरणाऱ्याने तिला विचारले का, की बाई, तुझे काय काय जाते? जिथे विचारले तिथे दूध निघाले, विधवेची गाय निघाली. जिथे विचारले नाही तिथे तिचा जाच सगळ्यांच्या जाचात विरघळून गेला आणि पुढची शेकडो वर्षे कोणाला दिसला नाही.

‘आधी शेतकऱ्याचा प्रश्न सुटू द्या, बायकांचे मग बघू’ असे म्हणणाऱ्यांना हा हिशोब वाचून दाखवावा. मर्चेट हा बायकांचा प्रश्न होता की शेतकऱ्याचा? पोरीच्या लग्नाच्या पावतीने बापाचे बांधीलपण सिद्ध होत होते. तिची बेडी आणि त्याची बेडी एकाच लोखंडाची होती. एक तोडू, दुसरी नंतर बघू, असे करून चालणार नव्हते आणि चालले नाही.

सभेत हे पान वाचाल तेव्हा पुरुषांनी थोडे थांबावे. मायबहिणींना विचारावे, त्या काय सांगतात ते लिहून घ्यावे. आणि लिहिणारीही त्यांच्यातलीच असावी.